खांदा अडला, पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक लेकुरवाळी आली. बाळ जेमतेम पाच आठवड्यांचं. कुंची, दुपटं सगळं नीटनेटकं, पण उजवा हात बाजूला नुसता लोंबत होता. कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. "ताई, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला म्हणाले. ओढताना नस दुखावली म्हणे. आता केस करायची का?" सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "केस कसली करताय? नजर लागलीय पोराला." आणि नवऱ्याचे मित्र दवाखाना फोडायला निघाले होते!

खरं सांगते, माझंही रक्त तापलं. मोर्चाच न्यावा असं मनात आलं. पण आधी ओळखीच्या एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. तासभर त्यांचं ऐकलं आणि डोकं जरा थंड झालं.

डॉक्टरी भाषेत याला 'शोल्डर डिस्टोशिया' म्हणतात. बाळाचं डोकं बाहेर येतं, पण खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडतो. दीडशे-दोनशे नैसर्गिक बाळंतपणांत एखाद्या वेळी असं होतं. हाताशी मिनिटं मोजकीच असतात, कारण बाळ गुदमरू शकतं. अशा वेळी आईचे गुडघे पोटाकडे घट्ट दुमडायचे, त्या हाडाच्या वर दाब द्यायचा, बाळाचा मागचा हात आधी सोडवायचा, हे ठरलेले उपाय आहेत. वरून पोट जोरात दाबणं किंवा बाळाची मान ओढणं-पिरगाळणं हे करायचं नसतं. आईला मधुमेह असेल, बाळ मोठं असेल, आधीच्या खेपेला असंच झालं असेल तर धोका वाढतो. पण जवळजवळ निम्म्या वेळा बाळ चार किलोच्या आतलंच असतं. म्हणजे दरवेळी आधी ओळखता येतं असं नाही, आणि सगळं बरोबर करूनही नस ताणली जाऊ शकते. आई म्हणून हे पचायला फार जड आहे. पण हात लुळा आहे म्हणून डॉक्टर दोषी, एवढ्यावर कुठलंच न्यायालय निकाल देत नाही.

मग न्यायालय काय बघतं? त्या मिनिटांत काय केलं ते बघतं, आणि त्याच्या आधी आईला काय सांगितलं होतं तेही. या दुसऱ्या प्रश्नावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिलेला निकाल जगभर गाजला. नादिन माँटगोमेरी ही स्कॉटलंडची बाई, चणीने लहान, मधुमेही. तिच्यासारख्या आईला खांदा अडण्याचा धोका नऊ-दहा टक्के होता. ती बाळाच्या आकाराबद्दल काळजी बोलून दाखवत होती, तरी डॉक्टरांनी हे सांगितलं नाही. सांगितलं तर अशा बायका सिझेरियनच मागतील, असं त्यांचं म्हणणं. १९९९ मध्ये डोकं आल्यावर बाळ बाहेर यायला बारा मिनिटं लागली. मुलाच्या मेंदूला इजा झाली, हातही गेला. न्यायालय म्हणालं, धोका सांगायलाच हवा होता, निर्णय आईचा. भरपाई मिळाली बावन्न लाख पौंडांहून जास्त. हा निकाल आपल्याला बांधील नाही. पण उपचार, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय समजावून न सांगता घेतलेली संमती खरी संमती नव्हे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये म्हटलंय. "इथे सही करा" म्हटलं की आपण करतो, तिथे हे आठवायला हवं.

आमच्या त्या मुलीकडे होतं फक्त डिस्चार्ज कार्ड. त्यावर लिहिलेलं, 'नॉर्मल डिलिव्हरी'. बस्स! म्हणून पहिलं काम केलं ते संपूर्ण केसपेपर मागण्याचं. लेखी अर्ज, एका प्रतीवर पोच. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे, आणि कागद देणं दवाखान्यांना बंधनकारक असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. नियमाप्रमाणे ते तीनच वर्षं जपून ठेवावे लागतात, तेव्हा उशीर नको.

बायका विचारतात, पोलिसांत जायचं का? २००५ च्या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारीसाठी निष्काळजीपणा अत्यंत ढोबळ असावा लागतो आणि आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. दगडफेकीचं तर नावच नको. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे. बाळाचा बापच आत जायचा.

पैसे भरून बाळंतपण झालं असेल तर ग्राहक आयोगाची वाट आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्यात आणलं. २०१९ च्या नव्या कायद्यातून ते सुटले अशी ओरड झाली, पण तसं नसल्याचं न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. २०२४ मध्ये वकील या कायद्यातून सुटले तेव्हा डॉक्टरांचाही फेरविचार व्हावा असं त्याच निकालात म्हटलं होतं, पण वर्षअखेरीस तीन न्यायमूर्तींनी त्याची गरज नाही म्हणून विषय मिटवला. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बाळाबरोबर आईबापांनाही वेगळी भरपाई मिळू शकते. नोएडातल्या एका प्रकरणात १९९८ मध्ये मुलाला साडेबारा लाख आणि आईबापांना पाच लाख मिळाले. मात्र दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत जवळ नसेल तर अशी तक्रार उभी राहणं कठीण.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत सेवा असेल तर ग्राहक आयोगाचं दार बंद. पण दिवाणी न्यायालय आहे. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये १९६३ मध्ये बाळंतपणानंतरच्या नसबंदीत पोटात कापड राहून एक बाई दगावली. तिच्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९९६ मध्ये, सरकार जबाबदार आहे म्हणून. तेहतीस वर्षं! हे मी घाबरवायला सांगत नाही, पण कोर्टाची पायरी चढताना माहीत असावं. वकिलाच्या खर्चाची भीती असेल तर स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा, किंवा सरळ कोर्टाच्या आवारात चौकशी करा. ग्राहक तक्रारीच्या माहितीसाठी १९१५.

या सगळ्यात बाळाचा हात मागे पडतो, ते होऊ देऊ नका. बहुतेक बाळं सुधारतात, पण तीन महिन्यांत कोपर वाकलं नाही तर मोठ्या शहरातल्या नसांच्या सर्जनला दाखवायलाच हवं. शस्त्रक्रिया करायचीच तर पहिल्या वर्षाच्या आतच तिचा खरा उपयोग. गळपट्टीचं हाड मोडलंय का हे एक्स-रेत बघितल्याशिवाय मालिशवाल्या मावशींच्या हाती तो हात देऊ नका. आमच्याकडे हे जवळजवळ झालंच होतं.

केसपेपर आले. त्यात सिस्टरने वेळा लिहिल्या होत्या, गुडघे दुमडल्याची नोंद होती. बाळ तीन मिनिटांत बाहेर आलेलं. त्या बाजूने बोट ठेवायला जागा दिसली नाही. पण आधीच्या तपासण्यांच्या कागदांत सातव्या महिन्यातली साखर वाढलेली होती. पुढे फेरतपासणी नाही, मधुमेहाचा उल्लेख नाही. ती कागदाकडे बघत म्हणाली, "ताई, हे मला कुणी सांगितलंच नाही." त्यावर निवृत्त बाईंनी लेखी मत दिलं, विधी सेवेचा वकील मिळाला, तक्रार दाखल झाली आहे. दवाखान्याचं उत्तर अजून यायचंय. बाळ आता कोपर वाकवतं. तोंडापर्यंत हात जात नाही अजून. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती सकाळच्या एसटीने फिजिओथेरपीला जाते, सासूबाई सोबत असतात.