पडक्या देवळांचा मान

सुटीचे दिवस आले की गोव्यातील आणि कोकणातील अनेक कुटुंबे माळव्याच्या यात्रेला निघतात. मुक्काम इंदुरास, एक दिवस उज्जैनच्या महाकालासाठी आणि एक दिवस ओंकारेश्वरासाठी, असा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. इंदुराहून ओंकारेश्वर सुमारे ऐंशी किलोमीटर. सकाळी निघावे, सिमरोळचा घाट उतरून, बडवाह मागे टाकून मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडावी, रांगेत उभे राहून दर्शन घ्यावे, पलीकडच्या तीरावर ममलेश्वरापुढे मस्तक टेकावे आणि दिवेलागणीपर्यंत इंदुरास परतावे. ज्योतिर्लिंगाचे दर्शन घडले, यात्रा सफल झाली, असे समाधान घेऊन मंडळी घरी येतात. त्या समाधानाला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या धावत्या यात्रेत जे पाहायचे राहून जाते, ते मोलाने थोडे नाही, एवढे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ओंकारेश्वराचे देऊळ आहे ते नर्मदा आणि तिला मिळणारी, दक्षिणेतील नदीशी केवळ नावाने नाते सांगणारी कावेरी यांच्या मधोमध उभ्या असलेल्या मांधाता या डोंगरी बेटावर. यात्रेकरू जेथून परततो ते या डोंगराचे केवळ पायथ्याकडचे अंग. डोंगराला प्रदक्षिणा घालण्याची जुनी वाट सुमारे सात किलोमीटरची आहे. या वाटेवर गौरी सोमनाथाचे उंच शिवालय लागते. त्याच्या गर्भगृहातील काळे शिवलिंग एवढे मोठे की एका माणसाच्या कवेत ते मावत नाही. पुढे जुन्या तटबंदीचे भग्न दरवाजे लागतात आणि पठारावर सिद्धनाथाचे मंदिर उभे राहते. उभे म्हणायचे ते त्याच्या खांबांना आणि जोत्याला, कारण शिखर केव्हाच नाहीसे झाले आहे. चारही दिशांना प्रवेशमंडप, नक्षीने भरलेले स्तंभ आणि सर्वांत विलक्षण म्हणजे जोत्याभोवती कोरलेली हत्तींची रांग! एकमेकांशी झुंजणारे हे हत्ती; अनेकांच्या सोंडा तुटल्या आहेत, तरी त्यांचा आवेश ओसरलेला नाही. परमार राजवटीतील शिल्पकारांच्या हाताची ही थोरवी एका कटाक्षात ध्यानी येते.

दक्षिण तीरावरच्या ममलेश्वराची गोष्टही अशीच. महिम्न स्तोत्र आपल्या घराघरांतून, देवळादेवळांतून आजही म्हटले जाते. तेच स्तोत्र या मंदिराच्या भिंतीवर अकराव्या शतकात कोरले गेले. लेखाचे साल १०६३ आहे. ज्या शब्दांनी आपल्या आजोबांची संध्याकाळ पवित्र होई, ते शब्द साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या दगडावर वाचता यावेत, हे भाग्य काय सामान्य म्हणावे? तरी त्या भिंतीजवळून दररोज शेकडो भाविक निघून जातात आणि तेथे काय कोरले आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

गोमंतकीयांना मांधात्याची ओढ वाटावी असे आणखी एक कारण आहे. आदि शंकराचार्यांना गोविंद भगवत्पादांची भेट याच स्थळी झाली, अशी परंपरा आहे. गोविंदाचार्यांचे गुरू गौडपादाचार्य. आणि त्यांच्याच नावाने चालणारा मठ फोंड्याजवळ कवळे येथे आहे. गुरुपरंपरेचा हा धागा नर्मदेच्या डोंगरापासून थेट आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचतो.

याच परंपरेच्या गौरवार्थ मांधात्यावर शंकराचार्यांचा १०८ फूट उंचीचा बालरूपातील पुतळा २१ सप्टेंबर २०२३ रोजी अनावृत झाला. वासुदेव कामत यांच्या चित्रावरून सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी तो घडविला, ही मराठी मनाला सुखावणारी गोष्ट होय. शिल्प देखणे आहे, यात संशय नाही. त्याच्या सोबतीने उभारावयाच्या संग्रहालयाची आणि इतर वास्तूंची योजना दोन हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाची आहे. डोंगर फोडण्याविषयी आणि वृक्षतोडीविषयी स्थानिकांनी त्या वेळी हरकती घेतल्या होत्या. त्या वादाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या डोंगरावर नव्या वैभवासाठी एवढे द्रव्य उभे राहू शकते, त्याच डोंगरावरील सिद्धनाथाच्या हत्तींपाशी एक जाणता मार्गदर्शक, चार भाषांतील एक सुबोध फलक आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर पुरेशी सावली व पिण्याचे पाणी असणे, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणता येईल?

येथे कोणी म्हणेल की, देव मोठा की दगड मोठा? भाविकाला हवे असते दर्शन. पडक्या भिंतींचे कौतुक विद्वानांनी करावे. हा आक्षेप वरवर पटण्यासारखा असला तरी तो टिकणारा नाही. सिद्धनाथाचे शिखर गेले, पण तेथील लिंगाची पूजा थांबलेली नाही. भग्नता आणि भक्ती यांचे वैर आहे, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नाही. अहिल्याबाई होळकरांचेच उदाहरण घ्या. सोमनाथाचे मंदिर उद्ध्वस्त स्थितीत असता त्यांनी १७८३ साली त्या अवशेषांना हात न लावता थोड्या अंतरावर नवे देऊळ बांधले आणि पूजा पुन्हा सुरू केली. देवाची सेवाही झाली आणि इतिहासाची साक्षही राहिली. पुढे स्वतंत्र भारतात १९५० साली ते जुने अवशेष उतरविण्यात आले आणि त्याच जागी उभारलेल्या नव्या मंदिरात ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत प्रतिष्ठापना झाली. त्या निर्णयामागे राष्ट्राची प्रबळ भावना होती, हे आम्ही जाणतो. परंतु जे दगड शतकानुशतके आघातांची कथा सांगत होते, ते एकदा उतरविले की पुन्हा बोलते करता येत नाहीत, हेही तितकेच खरे.

ही चर्चा केवळ माळव्यापुरती नाही. कदंब राजे ज्याच्या वरप्रसादाचा उल्लेख आपल्या बिरुदावलीत अभिमानाने करीत, त्या सप्तकोटीश्वराचे दिवाडी बेटावरील देऊळ पोर्तुगीज अमलात पाडले गेले. लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वे येथे नेण्यात आले आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. नार्वेची घंटा वाजत राहिली आणि दिवाडीच्या मूळ स्थानी कोटितीर्थाची तळी साक्षीला उरली. चांदर येथे फादर हेरास यांनी १९२९ साली उत्खनन केले, तेव्हा प्राचीन शिवालयाचे जोते उजेडात आले. तेथला मस्तकहीन नंदी पाहून कोणाचे मन हेलावणार नाही? गोवा सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवस्थानांच्या पुनर्बांधणीसाठी वीस कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. तो पैसा कोठे आणि कसा खर्च व्हावा, याचा विचार करताना अहिल्याबाईंचा धडा डोळ्यांपुढे असावा, असे आम्हांस वाटते. नवे बांधायचे असेल तर ते जुन्याच्या शेजारी बांधा, जुन्याच्या छातीवर नको. सिमेंटचा गिलावा आणि तैलरंगाचा हात एकदा फिरला की दहा शतकांचा दगड दहा दिवसांत मुका होतो.

कायदा या बाबतीत मुळीच दुबळा नाही. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियमन, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात आली आहे. दुबळी आहे ती आपली नजर. ज्या अवशेषाकडे कोणी पाहत नाही, त्याचे रक्षण करण्याची निकड कोणत्याही सरकारला भासत नाही. रांग लागते तेथे निधी जातो, हा राज्यकारभाराचा साधा हिशेब आहे. म्हणून यात्रेकरूने रांगेतून बाहेर पडल्यावर कोणती वाट धरावी, हा प्रश्न वाटतो तितका खासगी नाही.

एका दिवसाच्या यात्रेत हे सारे जमेल काय? वृद्धांना चढण झेपणार नाही, हे मान्य. परंतु घरातील तरुणांनी पहाटे अंमळ लवकर निघून तीन तास राखून ठेवले तर संपूर्ण प्रदक्षिणा घडते. त्यांनी मुलांना बरोबर घ्यावे, हत्ती मोजायला लावावेत, भिंतीवरचे महिम्न दाखवावे. कोरीव कामावर शेंदूर फासू नये, खांबावर नाव कोरू नये, प्लास्टिकचा कचरा मागे ठेवू नये. आणि घरी परतल्यावर दिवाडीला, चांदरला, तांबडी सुर्लाच्या महादेवाकडे त्याच आस्थेने जावे. माळव्यात शिकलेली दृष्टी गोव्यात उपयोगी पडली नाही, तर ती यात्रा अर्धीच म्हणायची.

देवळाचा कळस दुरून दिसतो आणि दुरूनच त्याला हात जोडता येतात. पडलेल्या दगडाचे तसे नाही. त्याच्याजवळ जावे लागते, वाकून पाहावे लागते. त्या वाकण्यातही वंदन आहेच; आणि पुढच्या पिढ्यांसाठी काय जपायचे, हे कळण्याची सुरुवातही तेथेच होते.