वधूची कांती आणि डबीवरचा मजकूर

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि समाजातील घराघरांत लग्नांची धांदल सुरू होते. शालू, दागिने, निमंत्रणपत्रिका, आहेर यांच्या याद्या कित्येक महिने आधी तयार असतात. वधूच्या त्वचेचा विचार मात्र बहुधा शेवटच्या पंधरवड्यात होतो. मग एखादी आत्या एक क्रीम सुचविते, पार्लरमधून दुसरे येते, आणि ‘पंधरा दिवसांत उजळपणा’ या आश्वासनावर सारे घर विश्वास ठेवते. ज्या पेढीवर बिल आणि बॅच क्रमांक पाहिल्याशिवाय एक खोकाही उतरवून घेतला जात नाही, त्याच पेढीच्या घरातील मुलीच्या चेहऱ्यावर उत्पादकाचे नावही नसलेली डबी वापरली जाते. या विसंगतीची किंमत कधी कधी फार मोठी असते.

केरळमधील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातील ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ या विकाराच्या 22 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आहे. त्यांपैकी 15 रुग्णांत या विकाराचा एक विशिष्ट, एरवी विरळा आढळणारा प्रकार दिसला. आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणासाठी क्रीम वापरल्याचे सांगितले. महाराष्ट्रातही, अकोल्यातील एकाच घरातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममुळे इजा झाल्याचे वृत्त 2023 मध्ये आले होते. दोन्ही ठिकाणी संशयाचा रोख पाऱ्याकडे होता.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पारा रोखतो, म्हणून चेहरा काही दिवसांत उजळ दिसू लागतो. परंतु तोच पारा त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांत साठत जातो. लघवीला फेस येणे, पायांवर व डोळ्यांभोवती सूज येणे ही त्याची लक्षणे होत. लग्नघरात ती दगदगीची समजून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो. डोळ्यांसाठीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असू नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. मात्र जी डबी नियमाच्या चौकटीबाहेरच विकली जाते, तिच्या बाबतीत ग्राहकाची नजर हाच पहिला पहारा ठरतो.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातून येतो. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावे आहेत. त्वचारोगावर मर्यादित काळ वापरायची ही औषधे गोरेपणाची क्रीम म्हणून सर्रास लावली जातात. आरंभी चेहरा खुलतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली, पुटकुळ्या आणि लव वाढते. क्रीम थांबविताच जळजळ उसळते, म्हणून ती पुन्हा लावली जाते आणि मुलगी त्या चक्रात अडकते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा 14 स्टेरॉइड क्रीमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. ज्यांचा वापर आधीच सुरू आहे, त्यांनी ती स्वतःच्या मनाने एकाएकी न थांबविता त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थांबवावी.

मग वधूने करावे तरी काय? सर्वप्रथम वेळ हाती घ्यावा. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास सुमारे चार आठवडे लागतात. म्हणून कोणत्याही उपचाराचा खरा परिणाम दोन-तीन महिन्यांपूर्वी कळत नाही. मुरुमे किंवा वांग असतील तर मार्गशीर्षातील लग्नासाठी ज्येष्ठातच तज्ज्ञांकडे जाणे योग्य. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचविल्या गेल्यास विवाहाची तारीख डॉक्टरांना अवश्य सांगावी. या औषधाने गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकते. ते बंद केल्यानंतरही किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. ही गोष्ट संकोचापोटी बोलली जात नाही, आणि नेमकी हीच न बोलून चालणारी नाही. हे औषध चालू असताना चेहऱ्याचे वॅक्सिंगही करू नये, कारण नाजूक झालेली त्वचा सोलवटते.

रोजची निगा साधी असावी : सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, आणि दिवसा किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन. खरेदीसाठी उन्हात फिरणाऱ्या वधूने ते दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. हे न करता केलेले महागडे फेशियल व्यर्थ जाते. नवे प्रसाधन प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर लावून पाहावे. बेसन, साय आणि चिमूटभर हळद यांचे पारंपरिक उटणे बहुतेकींना मानवते. लिंबाचा रस किंवा खाण्याचा सोडा मात्र चेहऱ्यावर नको. शेवटच्या महिन्यात कोणताही नवा प्रयोग करू नये, आणि शेवटचे फेशियल मांडवाच्या आठवडाभर आधी उरकावे. तासाभरात काळीभोर रंगणारी मेंदीही टाळावी. तिच्यात केसांच्या रंगातील पीपीडी हे रसायन असते, त्याने हातांवर फोड येतात. खरी मेंदी केशरी-तपकिरी रंगते आणि तिला काही तास द्यावे लागतात.

कांतीचा दुसरा आधार ताटात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. फिकट चेहरा, डोळ्यांखालील काळसरपणा आणि केसगळती यांचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. लग्नापूर्वी हिमोग्लोबिन आणि शाकाहारी घरांत विशेषतः बी-12 यांची तपासणी करून घ्यावी. बारीक दिसण्यासाठी जेवण सोडणाऱ्या मुलीचे केस दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे नेमके लग्नाच्या सुमारास, गळू लागतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात वधूचे संध्याकाळचे जेवण खरेदीच्या गडबडीत बुडते. त्या दिवसांत मूग, चणे, दूध, ताक, पनीर यांची सोय दुपारीच करावी.

डबीवरचा मजकूर वाचण्यास आणखी एक कारण आहे. ताटात काय येते याची चिकित्सा करणाऱ्या घरांत ओठांवर काय लागते हे क्वचितच पाहिले जाते. लिपस्टिकवर ‘कार्माइन’ किंवा ‘सी.आय. 75470’ असे छापलेले असेल तर तो लाल रंग कोचिनियल नावाचे कीटक मारून काढलेला असतो. शेलॅक लाखेच्या किड्यापासून, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतील चिकट द्रव्यापासून, तर काही नव्या सीरममधील म्यूसिन गोगलगायीपासून मिळते. भारताने 2014 मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आणि तशा चाचण्या झालेल्या मालाच्या आयातीला बंदी केली. पण चाचणी नसणे म्हणजे प्राणिज घटक नसणे नव्हे. दोन्ही गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात.

तेव्हा रुखवताच्या आणि दागिन्यांच्या यादीशेजारी एक छोटी यादी असावी. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, परदेशी मालावर आयातदाराचे नाव, आणि दुकानाचे बिल. यांपैकी एकही नसेल तर डबी परत करावी, मग ती कोणीही दिलेली असो. व्यापारी घराला ही शिस्त शिकवावी लागत नाही. ती फक्त दुकानातून घरात आणायची आहे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकावे. मुलीला घाईने उजळविण्याची धडपड बहुतेक वेळा तिच्या मनातून येत नाही. ती बघण्याच्या कार्यक्रमातील एखाद्या शेऱ्यातून आणि परिचयपत्रातील ‘वर्ण’ या रकान्यातून येते. वरपक्षाने तो रकाना विचारू नये, वधूपक्षाने तो भरू नये. समाजाच्या मेळाव्यांतील परिचय-पुस्तिका पुढच्या वर्षी छापायला जातील, तेव्हा संयोजकांना हा बदल कोणत्याही खर्चाविना करता येईल.