प्लास्टिकच्या टाकीला हीटर बसविताना

पौष-माघातील पहाटे गोठ्यात जाणाऱ्यास कोमट पाण्याचे मोल सांगावयास नको. कास कोमट पाण्याने धुतली म्हणजे गाय पान्हा चटकन सोडते, धार काढणाऱ्याची बोटे आखडत नाहीत, आणि वासरालाही ऊन पाणी पाजता येते. पूर्वी हे काम चुलीवरचा हंडा किंवा बंब करीत असे. आता अनेक गोठ्यांपाशी प्लास्टिकची टाकी आहे व वीजही आहे. तेव्हा टाकीलाच हीटर बसवावा हा विचार साहजिक होय. त्यास माझा विरोध नाही. परंतु हे काम सामान्यतः ज्या रीतीने केले जाते ती रीत मला मान्य नाही, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तिकडे डोळेझाक करू नये असे माझे मत आहे.

रीत अशी : सळई लाल करून टाकीला भोक पाडावयाचे, त्यात हीटर पिळून बसवावयाचा आणि भोवती इपॉक्सीची लांबी थापावयाची. दोन दिवस सांधा कोरडा राहतो, तिसऱ्या दिवशी पाझर लागतो. मग लांबीचा दुसरा थर. आमच्या गोठ्यातील टाकीवर मी स्वतः असे तीन थर चढविले आहेत. म्हणून दुसऱ्या कोणास नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पुढे कारण कळले ते असे की, या टाक्या ज्या पॉलिथिनच्या असतात त्यास कोणतीही लांबी वा नळाचे सोल्युशन धड चिकटत नाही. शिवाय तापले असता पॉलिथिन लोखंडाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. टाकी रोज तापून रोज निवते, आणि प्रत्येक वेळी लांबी थोडी थोडी सुटत जाते.

गळतीने चार बादल्या पाणी वाया जाते, एवढेच तिचे नुकसान असते तर हा लेख लिहिला नसता. आपल्याकडे संध्याकाळी गेलेली वीज मध्यरात्री येते. बटण चालूच राहिलेले असते, पाणी तोवर पाझरून हीटरच्या खाली गेलेले असते. जुन्या माणसांना ठाऊक आहे की, बंबात पाणी नसता विस्तव घातला तर डाख सुटतो; पण बंब तांब्याचा होता. पॉलिथिन साठ-सत्तर अंशांनाच मऊ पडू लागते आणि सव्वाशे अंशांच्या आसपास वितळते. कोरडा हीटर त्याच्या कितीतरी पुढे जातो. मग टाकी वितळून पेट घेते, आणि शेजारी कडब्याची गंजी असते.

म्हणून सांधा दाबानेच बंद केला पाहिजे, चिकटविण्याने नव्हे. टाकीच्या गोल अंगावर वायसर दोनच कडांना टेकतो व मधून पाणी निघते. यास्तव नळाच्या जोडणीसाठी टाकीला जो सपाट भाग दिलेला असतो तेथेच भोक घ्यावे. भोक गोल करवतीने, हीटरच्या आट्यांच्या मापाचेच पाडावे. सळईने पाडलेल्या भोकाच्या कडेस फुगवटा राहतो आणि ते वाटोळेही होत नाही. हीटरचे डोके बाहेर, आटे आत. डोके व टाकी यांच्यामध्ये उष्णता सोसणारा तीन मिलिमीटर जाडीचा सिलिकोन रबराचा वायसर घालावा. खरी गळती अडवितो तो हाच. आतून रबर, त्यावर स्टेनलेस स्टीलची रुंद चकती व मग नट. पुष्कळ जण रबर केवळ आतल्या बाजूस घालतात. तेव्हा पाणी नटाच्या आट्यांतून वाट काढून बाहेर येते, आणि दोष मात्र रबराला दिला जातो. जुन्या ट्यूबचा तुकडा येथे चालत नाही, तो वर्षभरात कडक होऊन चिरतो.

टाकी भरून एक रात्र तशीच ठेवावी व सांध्याखाली कोरडा कागद अंथरावा. पहिल्या चार-पाच वेळा पाणी तापून निवाल्यावर, वीज तोडून, नट किंचित आवळावा. कारण दाबाखाली प्लास्टिक हळूहळू दबते.

एक गोष्ट सोपी असून क्वचितच केली जाते. पाणी काढण्याचा नळ हीटरच्या वरच्या पातळीस बसवावा. नळ उघडा राहिला तरी हीटर मग उघडा पडत नाही. हीटरखालचे पाणी गार राहील, पण तो तोटा सोसावा. हीटर तळाशी किंवा भिंतीशी टेकू देऊ नये. चार बोटे अंतर हवेच. पन्नास अंशांवर बंद होणारा थर्मोस्टॅटही हवा. दोनशे लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर आणावयास सुमारे ६ युनिट वीज लागते. ३ किलोवॅटचा हीटर ते काम दोन तासांत करतो.

विजेविषयी मी तडजोड करणार नाही. लोखंडी पिपाला अर्थिंग असेल तर बिघडलेल्या हीटरचा प्रवाह त्यातून जमिनीत जातो. प्लास्टिकची टाकी प्रवाहाला वाट देत नाही. पाण्यात वीज उतरून तशीच राहते आणि नळास हात लावणारा पहिला मनुष्य तिची वाट होतो. ओल्या गोठ्यात चार पायांवर उभ्या असलेल्या जनावराची स्थिती त्याहून वाईट. हीटरच्या धातूच्या डोक्यास स्वतंत्र अर्थिंग आणि जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. नसेल, तर हीटर बसवू नये, बसविला असल्यास काढावा. नळकारागीर म्हणतो वीज माझे काम नव्हे, तारतंत्री म्हणतो सांधा माझा नव्हे. दोघांना एकाच दिवशी बोलवावे आणि चाचणी होईपर्यंत कार्यकर्त्याने तेथे उभे राहावे.

टाकीवरील आय. एस. १२७०१ हा क्रमांक पाहून निर्धास्त होणारेही आहेत. ते मानक पाणी साठविण्याच्या टाकीचे आहे, तापविण्याच्या भांड्याचे नव्हे. दुधाच्या किटल्या धुण्यास याहून कढत पाणी लागते. ते या टाकीत तापवू नये, त्यासाठी धातूचे पीपच वापरावे.