बिलोलीच्या मुलांना आधी जावास्क्रिप्ट शिकवा

दहावीचा निकाल लागला की घराघरांत प्रश्न येतो, मुलाला कॉम्प्युटरमधले नेमके काय शिकवायचे? क्लासच्या जाहिरातीत पायथन आणि एआय असते. हैदराबादला नोकरी करणारा चुलतभाऊ म्हणतो, जावा कर. गावातला मित्र सांगतो, पीएचपी केलेस तर लगेच कामे मिळतील. शिकवणारे सर बहुतेक वेळा स्वतःला येते तेच शिकवतात. शिकणाऱ्याची परिस्थिती मात्र कुणी विचारात घेत नाही.

ती परिस्थिती आपल्याला माहीत आहे. आयटीआयचा ‘कोपा’ हा ट्रेड एका वर्षाचा असतो. त्या वर्षात टायपिंग, एक्सेल, नेटवर्क आणि प्रोग्रामिंग, सगळे उरकायचे असते. घरी कॉम्प्युटर नसतो, असतो तो एक मोबाइल, तोही भावंडांत वाटलेला. अनेक मुलींना नांदेडला क्लाससाठी पाठवलेच जात नाही. म्हणजे वेळ कमी, पैसा कमी, आणि मध्येच शिक्षण सुटण्याची भीती कायम. अशा विद्यार्थ्याला पहिली भाषा अशी हवी, जिच्यात महिन्याभरात काहीतरी चालते करून दाखवता येईल.

माझ्या मते ती भाषा जावास्क्रिप्ट आहे. (नाव सारखे असले तरी जावा ही वेगळी भाषा आहे.) १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत ती ब्राउझरसाठी तयार केली, आणि आज ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. लॅबमध्ये लिहिलेले पान संध्याकाळी घरच्या मोबाइलवर अम्मीला उघडून दाखवता येते. गिटहब पेजेससारख्या सेवेवर एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची वेबसाइट एक रुपयाही न भरता जगासमोर ठेवता येते. पीएचपी किंवा पायथन सर्व्हरवर चालवायचे, तर तिथे ही सोय चालत नाही.

बाकीच्या भाषा वाईट आहेत, असे माझे म्हणणे नाही. वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेले आहे आणि जगातल्या लाखो साइट त्यावर चालतात. दुकाने, शाळा, दवाखाने यांच्या साइट बनवून कमवायचे असेल, तर पीएचपी ही दुसरी पायरी चांगली. डेटा आणि एआयकडे जायचे असेल, तर पायथनला पर्याय नाही. पायथन नवख्याला समजायलाही सोपी. जावास्क्रिप्टचा स्वभाव मात्र विचित्र आहे. मजकूर म्हणून आलेल्या ५ मध्ये ३ मिळवले, तर ती ५३ सांगते. पायथन तिथे चूक दाखवून थांबते. किराणा दुकानाच्या बिलात अशी चूक झाली तर गिऱ्हाईक भांडेल! पण हीच चूक वर्गात मुद्दाम करून दाखवली, तर आकडा आणि मजकूर यांतला फरक विद्यार्थी विसरणार नाही.

शिवाय, एकदा जावास्क्रिप्ट आली की पुढची वाट त्याच भाषेत खुली राहते. २००९ मध्ये आलेल्या नोड जेएसमुळे सर्व्हरचे कामही तिच्यात करता येते.

बिलोलीच्या मुलांकडे एक भांडवल आधीच आहे. तेलंगणाच्या सीमेवर असल्यामुळे घरात उर्दू, शाळेत मराठी आणि बाजारात तेलुगू कानावर पडते. तीनही भाषांत चालणारी दुकानाची वेबसाइट हा उत्तम प्रकल्प होईल. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. एचटीएमएलमध्ये त्यासाठी एक छोटी सूचना पुरते. बटण दाबताच पानाची भाषा बदलणे, हे काम जावास्क्रिप्टचे. मोठ्या शहरातला प्रोग्रामर इथे अडखळेल, बिलोलीची मुलगी अडखळणार नाही.

म्हणून शिकवणाऱ्यांना विनंती आहे. पहिले काही महिने एकच भाषा धरा. वर्ष संपताना प्रत्येक विद्यार्थ्याकडे प्रमाणपत्रासोबत स्वतः बनवलेल्या वेबसाइटची लिंक असावी. आणि तरुणांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्याला एवढेच विचारा: मागच्या बॅचच्या मुलांनी काय बनवले, ते मोबाइलवर दाखवता का? तो दाखवू शकला नाही, तर पैसे खिशातच ठेवा.