सर्टिफिकेट मिळालं, प्रयोग राहिला

मागच्या महिन्यात माझी सातवीतली मावसबहीण एका विज्ञान कार्यशाळेला गेली होती. संध्याकाळी सर्टिफिकेट घेऊन घरी आली. मी विचारलं, "काय काय केलंस गं?"

"ताई, टाळ्या वाजवल्या."

दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांची भाषणं यात अर्धा दिवस गेला. टेबलावर मायक्रोस्कोप होता, पण 'हात लावू नका' म्हणून सांगितलं होतं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिला हेच विज्ञान वाटलं तर?

हे वेगळ्या पद्धतीनंही होऊ शकतं. आपल्या जबलपूरहून पुढे वाहणाऱ्या नर्मदेच्याच काठी, होशंगाबाद जिल्ह्यात, 1972 मध्ये 16 शाळांतून एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. चार-चार मुलांच्या टोळ्या स्वतः प्रयोग करत. शिक्षकांच्या प्रशिक्षणातही भाषणं नव्हती. मुलांचे प्रयोग आधी शिक्षकांनीच करून बघायचे. पुढे दर महिन्याला बैठक, अडलेलं तिथे बोलायचं. मुलं 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक मित्राला पत्रातून प्रश्न विचारत. 2002 मध्ये हा कार्यक्रम बंद झाला, पण त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

तुमच्या शाळेत, सोसायटीत किंवा मंडळात कार्यशाळा ठरत असेल, तर एवढं नक्की करा:

• भाषणं सगळी मिळून दहा मिनिटांत आटपा.
• एका टेबलाशी चारच मुलं, आणि सामान प्रत्येक टेबलावर.
• दिवसभरात दोनच प्रयोग घ्या, पण पूर्ण होऊ द्या. फसला तर पुन्हा करू द्या.
• प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवा. लाजणाऱ्या मुलांसाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा.
• महिन्याभराने त्याच मुलांना पुन्हा बोलवा.

खर्चाची काळजी नको. 1978 मध्ये होशंगाबादला आलेल्या अरविंद गुप्तांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या जोडून खेळणी बनवली होती. आम्हीही रविवारी तेच केलं. बहिणीने आधी त्रिकोण केला, मग चौकोन. दोन्ही दाबून बघितले.

"ताई, चौकोन लगेच तिरका होतो. त्रिकोण का हलत नाही?"

मी इंग्रजीत बीए केलेली! उत्तर आम्ही दोघी मिळून शोधतोय. सर्टिफिकेट कुठे ठेवलंय, हे मात्र तिला आता आठवत नाही.

तुमच्या घरी काड्या आहेत ना? मग आज करूनच बघा.