छापा कोठें मारावा?

गेल्या महिन्यांत आमचा नातू आपली गिटार घेऊन ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, हिच्यावर मला वेलबुट्टी काढायची आहे. रंग मी मारतों, छापा तुम्ही कातरून द्या.” कागदांत नक्षी कातरावयाची, तो कागद लाकडावर चिकटवावयाचा आणि वरून फवाऱ्याच्या डब्यानें रंग मारावयाचा, असा त्याचा बेत होता. गिटार त्याच्या वडिलांनीं कॉलेजांत असतांना घेतलेली.

स्टेन्सिल हा प्रकार मला नवा नाहीं. शाळेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत, तेव्हां मेणकागदावर लोखंडी लेखणीनें अक्षरें कोरण्याचें काम वर्षानुवर्षें माझ्याकडेच असे. आणि रांगोळीचा भोंकें पाडलेला पत्रा तर घरोघरीं असतो. तत्त्व एकच. जेथें भोंक तेथें रंग, बाकी सारें झांकलेलें. तरीही मीं लगेच होकार दिला नाहीं. कारण हा उद्योग मी एकदां करून बसलों आहें.

आमच्या घरीं मिरजेचा तंबोरा होता. सौभाग्यवतीनें तो माहेराहून आणलेला. साताऱ्यास शाळेच्या संमेलनांत तिचें गाणें ठरलें. वाद्य व्यासपीठावर शोभून दिसावें म्हणून मीं पुठ्ठ्याचा छापा ठेवून तबलीवर ऑइलपेंटनें कमळांची रांग काढली. पहिला थर फिका वाटला म्हणून दुसरा दिला, मग तिसरा. आठ दिवसांनीं तारा जुळविल्या, तों गुंजन उठेचना! घोंगडें पांघरून कोणी बोलावें तसा आवाज. ती एक शब्दही बोलली नाहीं. शेजारचा तंबोरा मागून आणून गायली. तें न बोलणें मला अजून आठवतें.

पुढें तो तंबोरा घेऊन मी सांगलीमार्गें मिरजेस सतारमेकर गल्लींत गेलों. या धंद्याचे मूळपुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांपैकीं. १८५० च्या सुमारास शस्त्रांचें काम ओसरलें आणि हे घराणें वाद्यांकडे वळलें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें. तेथील एका वृद्ध कारागिरानें तबलीवर बोटानें टिचकी मारली आणि तो म्हणाला, “मास्तर, भोपळ्यावर हवी तेवढी नक्षी काढायची होती. इथें कशाला हात लावलात?” त्यानें रंग खरवडून काढला. आवाज आला, पण पहिला नव्हे.

त्या दुकानांत बसल्या बसल्या मीं निरखून पाहिलें. कोरलेलीं पानें भोपळ्याच्या खांद्यावर, सेल्युलॉइडच्या पट्ट्या कडेनें, त्यांवर कोरलेल्या रेघांत काळा रंग भरलेला. परंतु घोडीभोंवतालची तबली जवळजवळ उघडी. तिला चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून कापडाच्या बोळ्यानें दिलेला पातळ हात, इतकेंच. ‘अलंकार’ या शब्दांतच ‘अलम्’, म्हणजे ‘पुरे’, आहे. आम्ही तो जन्मभर शिकविला आणि तीन थर दिले!

गिटारीचेंही तेंच. तिची पुढची फळी सुमारें तीन मिलिमीटरच जाडीची. तारांच्या कंपानें तीच हालते. तिच्यावर रंगाचे जाड थर चढले कीं तिचें वजन वाढतें, कंप मंदावतो. विजेवर वाजणाऱ्या भरीव लांकडाच्या गिटारीस हें भय फारसें नाहीं. तेथें मुलांनीं खुशाल रंगवावें.

नातवाशीं वाटाघाटी झाल्या. मागची बाजू व कुशी त्याच्या. पुढें फक्त कडेनें बोटभर पट्टी. मीं नागवेलीचा छापा कातरला. त्यानें तारा काढल्या. गळा व घोडी कागद आणि चिकटपट्टीनें झांकली. जुनें पॉलिश बारीक पॉलिशकागदानें हलकेंच घांसून पुसलें. नवा रंग जुन्या पॉलिशवर कधीं कधीं सुरकुततो, म्हणून मागच्या बाजूस एका कोपऱ्यांत आधीं ठिपकाभर मारून पाहिला. छाप्याच्या कडा नखानें दाबून वरून प्रथम बिनरंगी लॅकरचा एक विरळ फवारा मारला. त्यानें कडा बंद होतात आणि रंग कागदाखालीं पाझरत नाहीं. ही युक्ति त्याची, माझी नव्हे. मग अंगणांत, नाकाला मास्क बांधून, डबा वीतभर दूर आणि सरळ धरून रंग. तिरपा मारला कीं तो कागदाच्या कडेखालीं शिरतो. पोरगें उतावीळ; एका हातांत गडद करूं पाहत होतें. मीं डबा काढून घेतला.

रंग पुरता कठीण होण्यापूर्वींच छापा सावकाश उचलला. नागवेल छान उठली आहे. एका पानाची कड तेवढी फुटली.

तारा काढण्यापूर्वीं आजीनें डोळे मिटून एकेक तार ऐकून ठेवली होती. वरचा बिनरंगी हात वाळला कीं तारा चढतील, तेव्हां ती पुन्हां ऐकणार आहे. नातू तिच्या निकालाची वाट पाहत आहे. मी त्याच्याहून जास्त.