कर्ता कोण?

परवा शेळगावच्या घरी नातवाने एस्परांतो या बनवलेल्या भाषेबद्दल विचारले. डॉ. झामेनहॉफ यांनी ती १८८७ साली मांडली. तिच्यात क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही, म्हणून कर्ता सांगावाच लागतो. आपल्या मराठीत ‘मी काच फोडली’, ‘त्याने काच फोडली’, दोन्हीकडे क्रियापद तेच. तरी कर्ता गाळलेला चालतो!

नोकरीत असताना एक मुलगा धापा टाकत आला. म्हणाला, “गुरुजी, काच फोडली.” मी लगेच छडी मारली. तो दुसऱ्याबद्दल सांगत होता, हे नंतर कळले. दोष मराठीचा नव्हे, माझ्या घाईचा. कर्ता गाळलेला असेल, तर शिक्षेआधी ‘कोणी?’ विचारायलाच हवे. तुम्हाला काय वाटते?